सभासद नसलेल्याचे दोन शब्द

सभेत बोलण्याचा हक्क सभासदांचा, हा सभाशास्त्रातला पहिला नियम. तो समजायला अक्कल फारशी लागत नाही, पाळायला लागते. जो सभासद नाही त्याने गप्प बसावे. सभेने परवानगी दिली तर बोलावे आणि परवानगी काढून घेतली की पुन्हा गप्प बसावे. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभेच्या नियमांची जी पोथी छापली, तिचा तिकडे अजून दबदबा आहे आणि तिच्या परंपरेत हाच दंडक सांगितला जातो. या गृहस्थांच्या गळ्यात १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड गावातल्या एका चर्चच्या सभेचे अध्यक्षपद पडले होते. सभा हाताबाहेर गेली आणि त्या धसक्यातून पुढे पुस्तक निघाले. तटबंद्या उभारणाऱ्या माणसालाही सभा आवरली नाही, यावरून विषय किती अवघड आहे ते लक्षात यावे.

येथे तीन हक्क वेगवेगळे धरावे लागतात: हजर राहण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा. चौथा हक्क अल्पोपाहाराचा. तो कोणत्याही कायद्यात नाही, पण सभेची गणसंख्या बव्हंशी त्याच्यावरच अवलंबून असते. पहिले तीन हक्क एकाच माणसाला एकत्र मिळतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कायद्याने त्यांची वाटणी अशी केली आहे की तिच्यापुढे भावकीतली शेताची वाटणी सरळ वाटावी.

सुरुवात वरून करणे बरे. राज्यघटनेच्या कलम ८८ प्रमाणे केंद्रातला कोणताही मंत्री संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मग तो त्या सभागृहाचा सदस्य असो वा नसो. देशाच्या महान्यायवादींनाही तो अधिकार आहे. कलम १७७ मध्ये हीच सोय राज्यातले मंत्री आणि महाधिवक्ता यांच्यासाठी आहे. दोन्ही कलमांच्या शेपटाला मात्र एक अट बांधलेली आहे: या कलमामुळे मत देता येणार नाही. शिवाय कोणत्याच सभागृहाचा सदस्य नसलेला माणूसही सहा महिने मंत्री राहू शकतो. म्हणजे बोलण्याची मुभा आधी आणि निवडून येणे नंतर. ही सवलत नोकरीच्या बाजारात कोणाला मिळत नाही.

उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते विधानसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य नव्हते. दोन दिवसांनी त्यांच्या सरकारवर विश्वास व्यक्त करण्याचा ठराव विधानसभेत आला आणि १६९ मतांनी संमत झाला. त्या १६९ मध्ये मुख्यमंत्र्यांचे स्वतःचे मत असण्याचा प्रश्नच नव्हता. सरकार त्यांचे, ठराव त्यांच्यावरचा, बोलायला सभागृह मोकळे. हात वर करायचा तेवढा इतरांनी. पुढे मे २०२० मध्ये, सहा महिन्यांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून गेले.

याहून मासलेवाईक उदाहरण दिल्लीतले आहे. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांना लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. ते राज्यसभेचे सदस्य. लोकसभेत मत नाही, बोलण्याचा हक्क मात्र घटनेने दिलेला. २२ तारखेला चर्चेला उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा ज्यांना मत होते त्या सदस्यांनी असा गोंगाट केला, की ज्यांना मत नव्हते त्या पंतप्रधानांना लेखी भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवून द्यावे लागले. ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला. घटना बोलण्याचा हक्क देते. ऐकून घेण्याची सक्ती कोणावरच करत नाही.

राज्यपालांची गोष्ट आणखी निराळी. ते सभागृहाचे सदस्य नसतात, पण दरवर्षी पहिल्या अधिवेशनाची सुरुवात त्यांच्याच अभिभाषणाने होते. ते भाषण मंत्रिमंडळ लिहून देते आणि राज्यपाल ‘माझे शासन’ असे म्हणत ते वाचतात. बाहेरच्या पाहुण्याला बोलावणे, काय बोलायचे ते त्याच्या हातात देणे आणि नंतर त्याच्या बोलण्याबद्दल त्याचे आभार मानणारा ठराव करून त्यावर चार दिवस भांडणे, असा हा शिष्टाचार आहे. ९ जानेवारी २०२३ रोजी तामिळनाडूच्या विधानसभेत राज्यपाल आर. एन. रवी यांनी छापील भाषणातला काही भाग गाळला आणि काही पदरचे घातले. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी तेथल्या तेथे ठराव मांडला, की कामकाजात नोंद होईल ती छापील मजकुराचीच. राज्यपाल तडक उठून बाहेर पडले. सभात्याग हा विरोधी सदस्यांचा राखीव हक्क समजला जातो; त्या दिवशी तो एका बिगर सदस्याने बजावला.

याखेरीज विधिमंडळात एक जमात अशी असते, की ती बोलत नाही, पण तिचेच बोलणे सभागृह ऐकत असते. ती अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसते. सदस्याने उपप्रश्न विचारला, की मंत्रिमहोदय आधी ‘अध्यक्ष महाराज’ म्हणतात, मग सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारल्याचे सांगतात, मग या प्रश्नाबाबत शासन गंभीर असल्याची ग्वाही देतात. ही तीन वाक्ये माहिती देण्यासाठी नसतात. गॅलरीतून चिठ्ठी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा भरून काढण्यासाठी असतात. उपसचिव गुडघ्यावर फाइल उघडून आकडा शोधतात, अवर सचिव तो चतकोर कागदावर लिहितात, पट्टेवाला ती घडी मंत्र्यांच्या हाती पोचवतो. मंत्री घडी उलगडतात, आणि आतापर्यंत रेंगाळणाऱ्या आवाजाला एकदम धार येते: ‘सदर योजनेचे बहात्तर टक्के काम पूर्ण झाले आहे.’ अक्षर वाईट असले तर काम सत्तावीस टक्के होते. अशा वेळी दुसरी चिठ्ठी येते आणि मंत्री मघाच्या उत्तरात ‘थोडी दुरुस्ती’ करतात. बिगर सदस्याला सभागृहात बोलता येत नाही हा नियम या सगळ्यात कोठेही मोडत नाही.

काही वेळा मात्र सभागृह स्वतःच बाहेरच्या माणसाला बोलायला उभे करते. त्यासाठी सभागृहात एक कठडा असतो किंवा तेवढ्यापुरता मांडतात, आणि आलेल्याने त्याच्या अलीकडे यायचे नसते. १९९३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून कपिल सिबल कठड्याशी उभे राहिले. ते तेव्हा खासदार नव्हते. बिगर सदस्याला दोन मिनिटांत आटपा म्हणून सांगण्याची जी रीत आहे ती येथे लागू नव्हती. ते कित्येक तास बोलले आणि सभागृहाने ऐकले. मतदानात प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही पडले नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. विरोधात शून्य मते पडूनही प्रस्ताव फेटाळला गेला, कारण त्याला विशेष बहुमत लागते. वकिलांना पुढे सदस्यत्वही मिळाले.

दुसरा प्रसंग राज्यसभेतला. १७ ऑगस्ट २०११ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांनी वकील न आणता स्वतःच जवळजवळ दोन तास आपली बाजू मांडली. भाषण प्रभावी झाल्याचे पुष्कळांनी म्हटले. दुसऱ्या दिवशी १८९ विरुद्ध १७ मतांनी त्यांच्याविरुद्धचा प्रस्ताव संमत झाला. लोकसभेची पाळी येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला.

कठड्याचा तिसरा उपयोग माफी ऐकण्यासाठी होतो. ३ मार्च २०२३ रोजी उत्तर प्रदेशच्या विधानसभेने आपले न्यायालयात रूपांतर केले आणि २००४ साली एका आमदाराला झालेल्या मारहाणीबद्दल सहा पोलिसांना समोर उभे केले. त्यांना बोलण्याची संधी मिळाली, त्यांनी हात जोडून माफी मागितली, आणि सभागृहाने त्यांना त्याच दिवशी रात्री बारा वाजेपर्यंत कैदेची शिक्षा दिली. मध्यरात्रीनंतरचा तुरुंग बहुधा सभागृहालाही परवडण्यासारखा नव्हता.

प्रेक्षकांच्या गॅलरीत बसणाऱ्याला मात्र तोंड नसते. तेथे बोलायचे नाही, टाळी वाजवायची नाही, मान डोलावली तरी मार्शल वळून बघतो. लंडनच्या कॉमन्स सभागृहात तर पूर्वी एखाद्या सदस्याने ‘परके दिसतात’ असे नुसते म्हटले तरी गॅलरी मोकळी करावी लागे. १८७५ मध्ये जोसेफ बिगर या आयरिश सदस्याने तसे म्हटले तेव्हा त्या परक्यांमध्ये खुद्द युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बसले होते. नियमाला अपवाद नव्हता. त्यांनाही उठावे लागले. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त प्रेक्षकांच्या गॅलरीतून जे बोलले ते या लेखाच्या कक्षेत बसत नाही. ज्या राज्यकर्त्यांनी आख्ख्या देशालाच बिगर सभासद ठरवले होते, त्यांच्यापुढे सभाशास्त्र चालत नसते.

महानगरपालिकेत आयुक्त हजर असतात, चर्चेत भाग घेतात, पण त्यांना ठराव मांडता येत नाही की मत देता येत नाही. स्वीकृत नगरसेवकांची अवस्था थोडी वेगळी. ते सदस्य असतात, पालिका कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव आहे म्हणून त्यांची नेमणूक होते, आणि तेवढ्या ज्ञानावर त्यांना मत मात्र नसते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढची काही वर्षे विषय मांडणे, त्यावर विचार करणे आणि तो मंजूर करणे ही तिन्ही कामे एका वेळी एकाच बिगर सदस्याने पार पाडली. गोंधळामुळे एकही सभा तहकूब झाली नाही.

ग्रामसभेत सभासद ठरवण्याची कसोटी मतदार यादी. यादीत नाव असेल तो ग्रामसभेचा सभासद. मग त्याचे घर असो वा नसो. ही कसोटी कोकणातल्या चाकरमान्याला कधीच पटलेली नाही. त्याचे नाव डोंबिवलीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या यादीत असते, पण १५ ऑगस्टची ग्रामसभा आणि गणपतीची सुट्टी जवळ आल्या, की तो शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यात पुढे उभा असतो. पाखाडी कोणाच्या कुंपणाला लागून गेली, नळाचे पाणी वरच्या वाडीला का येत नाही, रस्त्याच्या डांबरात किती खाल्ले, हे त्याला मुंबईत बसून गावातल्यांपेक्षा जास्त माहीत असते. यादीत नाव नाही असे ग्रामसेवकाने हळूच सुचवले, तर उत्तर तयार असते: ‘घरपट्टी मीया भरतंय, मगे बोलाक कोणाची परवानगी?’ कायद्यात याला उत्तर आहे. पण पुढच्या वर्षी देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी याच माणसाकडून न्यायची असते; म्हणून ते दिले जात नाही. गणसंख्येसाठी एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. तेवढे जमले नसले तर चाकरमान्याला बोलू देणे हा वेळ भरण्याचा उत्तम मार्ग असतो.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत बिगर सदस्याचे नाते बदलते. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचबाई खुर्चीवर असतात, आणि शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ असतात ज्यांचा ना प्रभाग, ना निवडणूक, ना शपथ. गाव त्यांना ‘सरपंचपती’ म्हणते. हे पद कोणत्याही अधिनियमात नाही, त्यामुळे त्याची मुदत संपत नाही आणि त्याच्यावर अविश्वासही आणता येत नाही. अलीकडे पुष्कळ गावांत सरपंचबाईंनीच ती शेजारची खुर्ची उचलून बाहेर ठेवली आहे. विषय तेवढ्यात निकालात निघतो.

या साऱ्या प्रकारांचा खरा संगम पाहायचा असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहावी. ती दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी स्टिल्टमधल्या गाड्या हलवून भरते. गणसंख्या नसल्याने सभा अर्धा तास तहकूब होते. त्या अर्ध्या तासात आदर्श उपविधींप्रमाणे ज्यांना येण्याचा हक्क नाही अशी मंडळी जागा धरतात. उपविधी स्पष्ट आहेत: सभासदाच्या वतीने प्रॉक्सी, मुखत्यार किंवा अधिकारपत्र घेऊन आलेला माणूस सर्वसाधारण सभेला बसू शकत नाही. नाममात्र सभासदाला, म्हणजे बहुधा भाडेकरूला, मताचा हक्क नाही.

यात शासनाने नकळत भर घातली. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साहजिकच अनेक घरे पत्नीच्या नावावर झाली. एक टक्का वाचला. पण त्याबरोबर घरोघरी बिगर सभासद नवरे तयार झाले. सभेत ते पहिल्या रांगेत असतात, हातात मागच्या वर्षीचा ताळेबंद असतो, त्यावर हिरव्या शाईच्या खुणा असतात.

‘माझा एकच मुद्दा आहे,’ काका उठतात. एक मुद्दा याचा अर्थ सिंकिंग फंड, लिफ्टचा देखभाल करार, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बी विंगच्या वॉचमनची झोप.

‘काका, फ्लॅट काकूंच्या नावावर आहे,’ सचिव म्हणतात.

‘हप्ते कोण भरतो?’

‘ते बँकेच्या सभेत बोला.’

काकू मागच्या रांगेतून ‘तुम्ही बसा बघू’ म्हणतात. तेवढ्या वेळात त्या घरातून सभेपुढे अधिकृतपणे बोललेली ती एकमेव व्यक्ती असते.

पुनर्विकासाचा विषय आला, की या विनोदाला जागा उरत नाही. तेथे पैसा मोठा असतो. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या शासकीय निर्देशांप्रमाणे विकासक निवडण्याच्या सभेला केवळ अधिकृत सभासदांनाच ओळखपत्र दाखवून आत घ्यायचे असते आणि सभेचे चित्रीकरण करायचे असते. वर्षभर बोलणारे जावई, मेहुणे आणि ‘यातले माहीतगार’ मित्र त्या दिवशी गेटबाहेर उभे राहून आत व्हॉट्सअॅपवर मुद्दे पाठवतात. विधानसभेतल्या गॅलरीचे काम येथे फोन करतो.

कंपन्यांच्या सभेत सगळा प्रकार नेमका उलटा आहे, आणि तो थोडक्यात सांगून पुरे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०५ प्रमाणे भागधारकाने पाठवलेल्या प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा हक्क नाही; रीतसर मतमोजणी मागितली गेली तर तो मत मात्र देऊ शकतो. लेखापरीक्षकाला भागधारक नसतानाही आपल्या कामापुरते बोलता येते, पण तो बोलू लागला की सभागृहातले लोक अल्पोपाहाराच्या कूपनांची चौकशी करू लागतात.

आता अध्यक्षाने करायचे काय. बिगर सभासद उभा राहिला, तर त्याला गप्प करण्याआधी सभेला विचारावे. सभेची हरकत नसेल तर विषय आणि वेळ सांगून बोलू द्यावे. त्याला ठराव मांडू देऊ नये, अनुमोदन देऊ देऊ नये, आणि हात वर करायची वेळ आली की त्याचे हात मोजू नयेत. त्याच्या सूचनेत तथ्य असेल तर ती एखाद्या सभासदाने आपली म्हणून मांडावी. इतिवृत्तात नाव सभासदाचे जाईल. यावर बिगर सभासद रुसतो, पण तो पुढच्या सभेला येतोच.

रुसवा नको असेल त्यांच्यासाठी सहकार कायद्याने रस्ता ठेवला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या, पुतणी यांच्यापैकी कोणालाही सहयोगी सभासद होता येते आणि सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याचे हक्क बजावता येतात. आदर्श उपविधींप्रमाणे प्रवेश शुल्क शंभर रुपये. ज्या काकांना या सप्टेंबरात लिफ्टबद्दल बोलायचे आहे त्यांनी अर्ज आजच समितीकडे द्यावा. अर्जाला काकूंची शिफारस लागते.